निर्भय ग्रंथपाल

"आजपासून या ग्रंथालयातून भीती हद्दपार," संचालकांनी जाहीर केलं आणि संगणकाचं बटण दाबायला शिपायाला पुढे केलं. स्वतः मात्र तडतडणाऱ्या फोडणीपासून सरकावं तसे मागे सरकले.

आठवडाभर संगणकाचं प्रशिक्षण, मग परीक्षा. जमलं नाही त्याची रवानगी तळघरातल्या गोदामात. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ग्रंथपालांना याची धास्ती वाटायला हवी होती. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं, "हे पुस्तक आहे का हो?" असं का होईना, पण माणसं बोलत ती या टेबलापाशीच. पण त्यांना हल्ली काहीच वाटत नसे. चहात साखर राहून गेली, तरी कप मुकाट रिकामा होई.

शिकवायला आलेल्या बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की यंत्राची भीती घालवायची तर मुद्दाम चुका कराव्यात; ही पुस्तकांची यादी सरावाची आहे, हवा तेवढा गोंधळ घाला. सगळ्यांनी एकेक अक्षर खोडलं आणि इकडेतिकडे बघत लगेच परत लिहिलं. ग्रंथपालांनी अख्खी यादी पुसायला घेतली. नक्की ना, असं यंत्राने विचारलं. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही ठोकावी तसं त्यांनी 'हो' दाबलं.

संचालक म्हणाले, याला म्हणतात छाती. बाई कौतुकाने पडद्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. ग्रंथपालांजवळ वाकून त्या हळूच म्हणाल्या, "काका, माझ्याकडून खरीच यादी उघडली गेली होती. सगळ्या ग्रंथालयाची."

ग्रंथपालांनी चष्मा पुसून रिकामा पडदा पुन्हा पाहिला.

यादीची कालची प्रत जपून ठेवलेली होती. बाईंनी ती परत आणायला घेतली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली आणि मध्येच अडली. ग्रंथपालांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"चल गं बाई, चल," ते पट्टीकडे बघत पुटपुटले. एवढी आर्जवं त्यांनी बायकोसाठी दवाखान्यात केली होती, त्यानंतर आत्ताच.

पट्टी हलली. यादी आली. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

मागे बसलेल्या संचालकांना यातलं काहीच कळलं नव्हतं. परीक्षेची गरजच नाही, ग्रंथपाल टेबलावरच राहतील आणि पुढच्या तुकडीला तेच शिकवतील, असं सांगून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "एवढी निर्भयता आणलीत कुठून? दोन शब्द सांगा."

ग्रंथपाल उभे राहिले. डोक्यावरच्या पंख्याचा वारा त्यांच्या ओल्या पाठीला लागला. सगळे कान देऊन बसले.

"साहेब," ते म्हणाले, "तेवढा पंखा कमी करता का? थंडी वाजतेय."