पाइपाला लावलेला कान

“लोक धबधबा बघायला गाड्या करून जातात, आपल्याकडे तो चालून घरात येतो,” शेजारची सिस्टर पायपुसणं पिळत पुटपुटली. टेलरताईला ऐकू जावं आणि खालच्या मजल्यावर पोचू नये, एवढ्याच बेताने.

टेलरताईच्या हातात निळ्या साटीनचा झगा होता आणि त्याच्या घेरावर ताटाएवढा ओला डाग. गच्चीवरची टाकी आजही भरून वाहत होती. वाद्यवृंदाचे बारा झगे शनिवारी द्यायचे होते. मागच्या खेपेला असेच दोन भिजले, तेव्हा गिऱ्हाईक गोड आवाजात म्हणालं होतं, “ताई, पुन्हा झालं तर आम्ही दुसरीकडे बघू.” हे काम गेलं की पुन्हा कारखाना, पुन्हा दुसऱ्याच्या मशीनवर मान मोडणं.

इमारतीचा पंप तेरा वर्षं ओव्हरसियरकाकांच्या ताब्यात होता. उभा जन्म पाणीखात्यात गेलेला माणूस. जिन्यातल्या पाइपाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “अजून चार मिनिटं.” चार म्हणजे चार. आपोआप बंद होणारं बटण बसवू म्हटलं की म्हणत, “कान शाबूत आहेत तोवर यंत्र कशाला?”

सहा महिन्यांपासून टाकी वाहत होती. मग इमारतीने काय काय केलं? टाकीला तडा गेलाय म्हणून गिलावा केला. टाकी जुनी म्हणून नवी आणली. पंपाला जोर फार म्हणून प्लंबरकडून त्याचा जोर कमी करून घेतला. शेवटी चिटणिसांनी फळ्यावर सूचना लावली, ‘सर्वांनी पाणी जपून वापरावे’. काकांनी ती वाचली आणि तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारली.

टेलरताईला खरं कारण सगळ्यांच्या आधी उमगलं होतं. ती काकांच्या डोक्यावरच, वरच्या घरात राहायची. ती एकटी, एका मशीनसकट राहायला आली तेव्हा, खडखड होईल म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. काका म्हणाले होते, “डोकं माझं, खडखड माझी. येऊ दे पोरीला.” त्यानंतर रोज सकाळी जिन्यात विचारायचे, “काल दोरा तीनदा तुटला ना? तेल घाल मशीनला.” गेल्या सहा महिन्यांत दोऱ्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ज्याच्यामुळे डोक्यावर छप्पर मिळालं, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तीही गिलाव्याला मान डोलावून आली होती.

आज मात्र झगा घेऊन ती तशीच खाली उतरली. मागोमाग सिस्टर. जिन्याच्या वळणावर चिटणीस आधीच उभे होते. पंप घुमत होता आणि काका पाइपाला कान लावून, डोळे मिटून.

“मला वाटतं, पाइपच बदलावा,” चिटणीस हळूच म्हणाले.

“किंवा गच्चीला उतार द्यावा,” सिस्टर म्हणाली.

उद्या ही माणसं इमारत पाडून नवी बांधतील, टेलरताईच्या मनात आलं, पण एक वाक्य काही बोलणार नाहीत. आणि त्या माणसांत मी पहिली.

जिन्याच्या खिडकीबाहेर पाण्याचा पडदा धो धो कोसळत होता. काकांनी दोन बोटं वर केली. “अजून दोन मिनिटं.”

तिघांनी खिडकीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग आपापल्या चपलांकडे. टेलरताई पुढे झाली आणि तिने बटण बंद केलं. पंप थांबला. खिडकीबाहेरचं पाणीही हळूहळू थांबलं.

काका तसेच उभे. कान पाइपाला, बोटं वर, चेहऱ्यावर जाणकाराचं समाधान.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. बटणावरचा तिचा हात दिसला.

“मी सांगितलं होतं का बंद करायला?”

“काका, तुम्हाला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. नेहमीसारखीच, खाली मान घालून, पुटपुटत.

“काय?” काका रागावले नव्हते. पाइपाकडे झुकायचे तसेच ते तिच्याकडे झुकले.

तिने ओला झगा खांद्यावर टाकला, त्यांना आपलं तोंड दिसेल अशी समोर उभी राहिली आणि आवाज चढवला, वरच्या मजल्यापासून फाटकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

“काका, तुम्हाला ऐकू येत नाही.”