दोराला हात लावणारा शंख

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे, आणि गप्प बसणं माझ्या जातीला ठाऊक नाही. तुमचे गुरुजी एखाद्या मुलाला 'शंख आहेस नुसता!' असं म्हणतात ना, तेव्हा मला भारी राग येतो. शंख असणं काय असतं ते एकदा माझ्या तोंडून ऐका आणि मग खुशाल नावं ठेवा.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. माझ्यात राहणारा जीव केव्हाच निघून गेला आणि मी वाळूत लोळत पडलो होतो. शिरोड्याच्या अलीकडे समुद्राला लागून एक लहानसं गाव आहे. तिथल्या विठोबा तांडेलाच्या जाळ्यात एका सकाळी मी वर आलो. केवढा मोठा, केवढा पांढरा! आपण देवळातच शोभणार, अशी माझी खात्री झाली. विठोबानेही मला धुऊन पुसून देवळात नेलं. गुरवाने मला हातात घेऊन फिरवलं आणि माझ्या ओठाचा तुटका कोपरा त्याला दिसला. खंडित शंख पूजेला चालत नाही, असं म्हणून त्याने मला परत केलं. इतका अपमान माझा पुन्हा कधी झाला नाही.

विठोबाने मात्र मला टाकलं नाही. कानशीने माझं टोक घासून त्याने भोक पाडलं आणि मला रापणीवर नेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या मधोमध मासे अडकायची पिशवी असते. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकत जाते, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि गाव दोन रांगा करून ते ओढतो. दोर किनाऱ्याला लागले की विठोबा मला फुंकायचा. दोन आखूड आणि एक लांब, ही रापणीची हाक. ती ऐकली की बायका चुलीवरची भाकरी उतरवून टोपली घेऊन पळत सुटायच्या. आमच्याकडची रीत अशी, की ज्याने दोराला हात लावला त्याला माशांचा वाटा मिळायचा. तो कुठला, कुणाचा, हे कुणी विचारायचं नाही. वाटेने जाणारा पाहुणा असो, शाळेचे मास्तर असोत, हात लागला की वाटा ठरलेला. किनाऱ्यावरच्या कुत्र्यालाही दोन मासे मिळत. फक्त मला मिळत नसे, कारण मला हात कुठे आहेत! सगळ्या गावाला बोलावणारा मी, आणि मीच कोरडा. हे दुःख मी कैक वर्षं मनात ठेवलं.

विठोबानंतर त्याचा मुलगा काशीराम तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, झाला आणि मी त्याच्या हातात आलो. मग १९६० साल उजाडलं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि आपल्याकडे दारूबंदी होती. गावात नवी ग्रामपंचायत आली होती. तिचे सरपंच गुरुदास हे वरच्या वाडीतले शेतकरी होते. किनाऱ्यावर आम्ही मासेमारी करणारे, वर भातशेती करणारे, आणि दोघांच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान. त्यावरून शिरोड्याच्या बाजाराची पायवाट जाते.

त्या पायवाटेने सत्यवती रोज मासे विकायला जायची. तिचा नवरा दूर बोटीवर खलाशी होता आणि घर तिच्या टोपलीवर चालत होतं. गणपती झाल्यावर एके दुपारी सड्यावरच्या चिऱ्याच्या खाणीजवळ तोंडाला फडकी बांधलेल्या दोघांनी तिला अडवलं. त्यांच्या हातात कोयते होते. त्यांनी तिच्या गळ्यातलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र ओढून घेतलं, आणि पुन्हा या वाटेला दिसलीस तर बघ, असं बजावलं. सत्यवती घरी आली ती दोन दिवस जेवली नाही. पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना तसंच धमकावलं गेलं. बायकांनी सडा सोडला. खाडीवरून तरीच्या होडीने फिरून जायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा आणि बाजारात पोचेपर्यंत माशांना वास सुटायचा. सत्यवतीची चूल एक वेळच पेटू लागली.

आणि गाव काय करत होता म्हणता? भांडत होता! किनाऱ्यावरचे म्हणायचे, हे वरच्या वाडीतल्या उनाडांचं काम. वरचे म्हणायचे, चोर तुमच्यातच आहेत, आधी आपल्या घरात बघा. इंगवले हवालदार घाटावरचे, भला माणूस, पण पंधरा गावांना ते आणि दोन शिपाई. ते सड्यावर यायचे त्या दिवशी तिथे चिटपाखरू नसायचं.

शेवटी पंचायतीने शाळेत सभा बोलावली. काशीराम मला कमरेला बांधून गेला होता, म्हणून मी सगळं ऐकलं. पुरुषांची तास-दोन तास बाचाबाची झाली. तेवढ्यात दाराबाहेर बसलेली सत्यवती उठून आत आली आणि सरपंचांच्या समोर उभी राहिली.

ती म्हणाली, "सड्यार दोन चोर आसत म्हणान आमी वाट सोडली. उद्या ते दर्यार इले तर दर्यो सोडूचो काय?"

त्याच बैठकीत ग्रामरक्षक दल स्थापन करायचं ठरलं. दहा माणसं किनाऱ्यावरची, दहा वरच्या वाडीतली, आणि पहाऱ्यावर दोन्हीकडचा एकेक जण बरोबर जाणार. हवालदारांनी त्यांना काठी धरायला शिकवलं. पहाऱ्याच्या शिट्ट्या पोलिसांच्या वरच्या कचेरीतून येणार होत्या. त्या काही आल्या नाहीत. तोवर मला सड्यावर न्यायचं ठरलं. धोका दिसला की मी वाजायचं आणि ऐकेल त्याने सड्याकडे धावायचं. मित्रांनो, तेव्हा मी असा फुगलो म्हणून सांगू! म्हटलं, आता कळेल त्या गुरवाला.

आणि पहिल्याच दिवशी आमचं नाक कापलं गेलं. दुपारच्या वेळी काशीराम आणि वरच्या वाडीतला शिवा पहाऱ्यावर होते. खाणीजवळ ते दोघे फडकीवाले दिसले. काशीरामने मला तोंडाला लावलं आणि वीस वर्षांच्या सवयीने जे वाजायचं तेच वाजलं. दोन आखूड, एक लांब. रापणीची हाक! मग काय, सगळा गाव टोपल्या घेऊन समुद्रावर पळाला. वरच्या वाडीतले कापणीचे विळे टाकून तिकडेच गेले. सरपंचसुद्धा धोतर सावरत किनाऱ्यावर उभे, आणि समोर रिकामं पाणी. सड्यावर कुणी म्हणजे कुणीही आलं नाही. चोरांनीही हाक ओळखली होती. ते रमतगमत, विड्या ओढत खाणीपलीकडे निघून गेले, आणि हे दोघे हात चोळत राहिले.

आठवडाभर बाजारात आमची टिंगल चालली होती. 'चोर सड्यार, गाव दर्यार' अशी म्हणच झाली. काशीराम घरात तोंड लपवून बसला. दल मोडायला निघालं, जुनं भांडण पुन्हा पेटलं. मी खुंटीवर लोंबकळत होतो आणि मला वाटत होतं, की त्यापेक्षा वाळूत पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

मग सत्यवती काशीरामच्या घरी आली. बरोबर सरपंच आणि हवालदारही होते. तिने आल्या आल्या विचारलं, "गाव चुकलो ता खरा. पण चोर पळूक नाय, ता कोणी बघितला काय?"

कुणाच्या लक्षात येईना. मग तिने समजावून सांगितलं. ती हाक ऐकून चोर घाबरत नाहीत. त्यांना वाटतं, गाव समुद्रावर गेला, आता रान मोकळं. तर मग तीच हाक द्यायची, पण गावाने आधीच सड्यावर जाऊन बसायचं. हवालदारांचा चेहरा उजळला. काशीरामने जमिनीवर बोटाने अर्धगोल काढला आणि तो हळूच म्हणाला, की ही तर रापणच झाली. दोन बाजूंनी गाव आणि मधल्या पिशवीत पोलीस. आणि ते दोघे खाणीतून बाहेर कशाने येणार? सत्यवतीच्या टोपलीने. ती एकटी जाणार होती, आणि शंखही तीच फुंकणार होती.

काशीराम अडखळला. "बायलमाणसान ह्यो शंख कधी फुंकूक नाय," तो म्हणाला.

"मगे आता फुंकतली," असं म्हणून सत्यवतीने मला खुंटीवरून काढून घेतलं.

तीन दिवस ती केवड्याच्या बनामागे सराव करत होती. पहिल्या दिवशी माझ्यातून जो आवाज निघाला त्याने शेजारची शेळी दचकली. दुसऱ्या दिवशी शेळीने उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी मात्र अशी हाक निघाली, की काशीराम घरातून उठून ऐकत उभा राहिला.

तेव्हा सड्यावर गवतकापणीचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून माणसं दोघं-तिघं करून विळे घेऊन वर गेली. रापणीचे सुंभाचे दोर गवताच्या भाऱ्यांत लपवून नेले. दुपारपर्यंत दीडशेच्या वर माणसं कमरेएवढ्या गवतात बसली होती, एका बाजूला किनाऱ्यावरची, दुसऱ्या बाजूला वरच्या वाडीतली. खाणीमागच्या उतारावर हवालदार आणि त्यांचे शिपाई दडले होते. मी सत्यवतीच्या टोपलीत बांगडा माशांच्या वर केळीच्या पानाखाली होतो. सड्याच्या चढावर तिने टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरली. खरं सांगतो, मीही घाबरलो होतो.

खाणीजवळ ते दोघे पुढे आले. सत्यवती थांबली, टोपली खाली ठेवली आणि मला बाहेर काढलं. ते पाहून त्यातला एकजण हसायलाच लागला.

"फुंक गो फुंक," तो म्हणाला. "गाव धावतलो तो दर्यार."

आणि तिने फुंकलं! दोन आखूड, एक लांब. आयुष्यात मी इतका कधी गाजलो नाही. सड्यावरचं गवत एकदम उभं राहिलं. दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा, प्रत्येकाच्या हातात दोर, आणि दोर पुढे पुढे सरकतोय. 'ओढ रे, ओढ' असा एकच घोष. वरच्या वाडीतला शिवा काशीरामच्या खांद्याला खांदा लावून दोर धरून होता. चोर डावीकडे पळाले, तिथे दोर. उजवीकडे पळाले, तिथेही दोर. राहिली मागची बाजू, खाणीचा उतार. तिकडे ते धावले ते थेट हवालदारांच्या कुशीत. हवालदारांनी रापणीच्याच दोराने त्यांचे हात बांधले. मासा पिशवीत गेला!

फडकी सोडली तेव्हा गावाने माना खाली घातल्या. दोघे ना किनाऱ्यावरचे, ना वरच्या वाडीतले. कधी कुणी न पाहिलेले परके. खाणीत गोव्याहून आणलेल्या चोरट्या दारूचे डबे सापडले. ती वाट मोकळी राहावी म्हणूनच ते माणसांना भिववत होते. डब्यांच्या मागे एका चिंधीत सत्यवतीचे काळे मणी होते. हवालदारांनी पंचनाम्यात ते लिहून घेतले, आणि रीतसर तिच्या हाती यायला पंधरा दिवस लागले. पण त्या दिवशी त्यांनी ते तिला दाखवले तेव्हा ती मटकन कातळावर बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी रापण पडली, खरीखुरी. वाटे मांडताना काशीरामने तीन वाटे पोलिसांसाठी काढले. हवालदार संकोचून म्हणाले, "अहो, आम्ही सरकारी माणसं. आम्हाला कशाला?"

काशीराम म्हणाला, "काल दोराक हात लायल्यात ना? मगे घेवा."

वरच्या वाडीतून त्या दिवशी नारळ आणि नवे तांदूळ आले. दोन्ही वाड्या एका पंगतीला बसल्या, हवालदारांना तिखट सोसेना आणि सगळे हसले. बाजारातली ती म्हणही बदलली. 'चोर सड्यार, गावय सड्यार' असं लोक ऐटीत म्हणू लागले.

मणी हाती आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यवतीने ते गळ्यात घातले आणि बाजाराला निघाली. दलातले दोघे काठ्या घेऊन दारात हजर होते. तिने त्यांना परत पाठवलं.

"माका सोबत नको. सोबत व्हयी तर मगे चोर धरले कित्याक?"

ती एकटी सडा चढून गेली. त्या दिवशी अख्खा गाव कान देऊन होता, आणि मी खुंटीवर मुका होतो. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, की आपण आज वाजू नये. आणि मी वाजलो नाही. ऊन कलताना सत्यवती त्याच वाटेने परत आली. घरी जायच्या आधी ती काशीरामच्या ओटीवर आली, टोपलीत मुद्दाम राखलेला एक बांगडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घे रे," ती म्हणाली. "ह्यो तुजो वाटो."

तो बांगडा मांजराने नेला, तो भाग वेगळा. वाटा माझाच होता!

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. शिट्ट्या एकदाच्या आल्या. हल्ली मी पंचायतीच्या फळीवर असतो, दप्तरांच्या शेजारी. कधी कधी अंगावर धूळ साचते, पोरं हळूच फुंकून बघतात आणि ओरडा खातात. सड्यावरून आता मुली एकेकट्या शाळेत जातात. त्यांना माझी हाक ठाऊकसुद्धा नाही, आणि त्याचा मला मुळीच राग येत नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखं काहीतरी जुनं, तुटक्या ओठाचं पडलं असेल. ते पुसून जागेवर ठेवा. आणि कुणी अडचणीत हाक दिली तर चोर कुठल्या वाडीतला यावर भांडत बसू नका. आधी दोराला हात लावा. मला तर हातही नव्हते.