बेटावरचं कुलूप

किल्लीवाल्याला आयुष्यात एकच गोष्ट सांगता येत असे, आणि ती तो कुणालाही सांगत असे. किल्ली घासून होईपर्यंत गिऱ्हाईक थांबलं की ते सापडलंच तावडीत. दुकानाच्या काचेमागे एक पितळी कुलूप टांगलेलं होतं आणि त्याच्या दांडीत कापलेल्या कडीचा तुकडा अजून अडकलेला होता. गिऱ्हाइकाची नजर तिकडे जायचाच अवकाश, हा कानस खाली ठेवी आणि सुरू होई.

"हे कुलूप मी स्वतः बनवलं, आणि मलाच ते उघडलं नाही. माझ्याइतकं हुशार गाढव या बाजारात दुसरं मिळायचं नाही."

लग्नाला कित्येक वर्षं झाली तरी एक दिवस दुकान बंद न ठेवणाऱ्या या माणसाला बायकोने अखेर बोटीत बसवलं आणि एका बेटावर नेलं. तिथे नारळाची झाडं, पांढरी वाळू, कोमट समुद्र आणि वाळूत खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या. बायको समुद्राकडे बघत राहिली आणि हा खोलीच्या कुलपाकडे. एवढं फडतूस कुलूप त्याने शाळेत असतानासुद्धा उघडलं असतं. आपण फिरायला चाललोय, कामाला नाही, असं तिने निघतानाच बजावलं होतं. तरी याने हत्यारांची पेटी कपड्यांच्या बॅगेत तळाशी दडवून आणलीच होती, आणि सोबत स्वतःच्या हातचं नवंकोरं पितळी कुलूप. पहिल्याच दुपारी कुणी सांगितलं नसताना त्याने शेजारच्या खोल्यांच्या कड्या सरळ केल्या. संध्याकाळी मॅनेजरच्या कपाटाची पाळी आली. बायको एकटीच किनाऱ्यावर चक्कर मारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी बंद करायला लावली आणि त्याला पोहायला बाहेर काढलं. पेटी आत, कपडे आत, चपला आत. याने दाराला आपलं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली चड्डीच्या नाडीला बांधली. कुलूप कुणाच्या बापाला उघडलं नसतं, पण नाडीची गाठ पहिल्याच मोठ्या लाटेने सोडवली.

दुकानाचा नियम ठाऊक असलेलं गिऱ्हाईक इथे हटकून अडवी. कारण कुलूप विकताना किल्लीवाला एक किल्ली एकाच्या हातात देई आणि दुसरी घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या. दोन्ही किल्ल्या एकाला मिळत नसत, मग तो कितीही घासाघीस करो. मग तुमची दुसरी किल्ली कुठे होती, असं गिऱ्हाईक विचारी.

"पेटीत," किल्लीवाला सांगे. "आणि पेटी आत. नियम गिऱ्हाइकांसाठी असतात हो, गाढवांसाठी नसतात."

पुढची हकीकत तर त्याची अब्रू पार धुळीला मिळवणारी होती, आणि ती तो चवीने सांगे. खिडक्यांना गज होते. मॅनेजर म्हणाला, कडी कापू, पण कापणारा सुतार पलीकडच्या किनाऱ्यावर, तो आठवड्याच्या बोटीने येणार. याने ऐटीत सांगितलं की सुतार वगैरे काही लागणार नाही, कुलूप माझं आहे, मी उघडतो. बायको डोक्यातल्या पिना एकेक काढून देत गेली आणि हा एकेक वाकडी करत गेला. मग काय, मॅनेजरचा फुलाफुलांचा शर्ट घालून आणि कमरेला जेवणाच्या टेबलावरचं कापड गुंडाळून दुनियेतला हा थोर कारागीर बोट येईपर्यंत आपल्याच खोलीच्या व्हरांड्यात राहिला. शेवटी सुताराने कडी कापली. दार हरलं, कुलूप हरलं नाही. घरी परतल्यावर अर्ध्या तासात त्याने ते उघडलं असतं, पण उघडलं असतं तर मग सांगायला काय उरलं असतं? म्हणून ते तसंच काचेमागे गेलं, आणि हा त्यात तेल तेवढं घालत राहिला.

एक भाग मात्र तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. पिना संपल्यावर त्याच्या हातांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. म्हणून तो तिच्यामागून पाण्यात गेला. तिचं बालपण नदीकाठी गेलेलं, तिला पाण्याची भीती माहीतच नव्हती. तिने त्याला उताणं झोपवलं, पाठीखाली हात धरला आणि अंग सैल सोडा म्हणाली. तो दगडासारखा बुडाला, ती हसून हसून बेजार झाली. मग एकदा तिने हात कधी काढून घेतला ते त्याला कळलंच नाही. वर नुसतं आभाळ होतं. तेवढा आनंद त्याला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

आता तीच बायको दुकानामागच्या खोलीत खुर्चीला खिळून बसली होती. गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, डॉक्टर खूश होते, फक्त ती उठायला तयार नव्हती. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच प्रयत्नात तिचा तोल गेला होता आणि तेव्हापासून भीती मनात बसली होती ती बसलीच. व्यायाम शिकवायला एक तरुण बाई घरी येत असे. तिने काल किल्लीवाल्याला दुकानात गाठून स्पष्ट सांगितलं होतं की आता चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, आणि मग त्या खुर्चीतच राहतील. त्याने लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं, एकदा तर डोळ्यांतून पाणीही काढलं. बायकोने त्याला रुमाल दिला आणि जागची हलली नाही.

आज व्यायामवाली बाई आली तेव्हा त्याला दुसरं काहीच सुचलं नाही, म्हणून त्याने काचेमागचं कुलूप काढून आणून टेबलावर ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. निदान बायको हसेल, एवढीच आशा. पण बायको खिडकीबाहेर बघत राहिली. ती हसेना म्हणून त्याने मीठमसाला वाढवला. लाट दुप्पट उंच केली, गज तिप्पट जाड केले. तरी काही नाही. मग गडी पारच सुटला.

"आणि ही बिचारी व्हरांड्यात बसून रडत होती," तो बाईला म्हणाला. "मी आपला हिला धीर देतोय."

खुर्चीतून आवाज आला, "कोण रडत होतं?"

बायको त्याच्याकडे नाही, त्या बाईकडे बघून बोलत होती. रडत होते ते हे, ती म्हणाली, हत्यारं आत अडकली म्हणून. मग तिने कपाटाकडे बोट केलं आणि विचारलं की माझा बटणांचा डबा अजून मधल्या कप्प्यातच आहे ना? आणून देतो म्हणून हा लगबगीने उठला.

"तुम्ही हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "जन्मात लावला नाहीत, आता कशाला लावता?"

आणि तिने वॉकर पुढे ओढला.

व्यायामवाल्या बाईने किल्लीवाल्याच्या दंडाला धरून त्याला होता तिथेच उभं केलं. बायको उठली. मध्ये एकदा थांबली, तेव्हा याचा श्वासही थांबला. तिचे ओठ घट्ट मिटले होते, ते दुखण्याने की रागाने ते कळत नव्हतं. कपाटाशी पोहोचून तिने डबा काढला, बटणांमध्ये बोटं फिरवली आणि तशीच पाय टाकत टेबलाशी आली. पितळी कुलूप जवळ ओढून त्यात किल्ली घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. कापलेल्या कडीचा तुकडा टेबलावर पडला.

किल्लीवाल्याने किल्ली हातात घेतली. दात त्याच्याच कानशीचे होते, त्यात काही शंका नव्हती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"तुम्हीच दिलीत. दाराला कुलूप लावलंत, एक किल्ली नाडीला बांधलीत आणि दुसरी माझ्या हातात ठेवलीत. बघितलंसुद्धा नाहीत. दुकानात ठेवता तशी ठेवलीत. मी पदराला बांधली."

सगळ्या बाजाराला तो जो नियम शिकवत आला होता तो त्याच्या हातांनी बेटावरही पाळला होता. पत्ता नव्हता तो फक्त डोक्याला. आणि हिने पदराला किल्ली बांधून त्याला एकेक पीन काढून दिली होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आत गेला असतात," बायको म्हणाली. "पेटी आत होती."

तो खाली बसला. इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकांना एका गाढवाची गोष्ट सांगत होतो, ती निम्मीच होती, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बेटावरचे ते दिवस तिने स्वतःसाठी चोरून घेतले होते, त्याच्याच कुलपाने. डोळे पुसून त्याने वर पाहिलं तर वॉकर कपाटापाशीच राहिला होता, आणि बायको टेबलाला एक हात टेकून उभी होती. व्यायामवाली बाई तिच्या मागे, हात पुढे करून, पण न धरता.

वॉकर मागे राहिलाय हे बायकोला सांगायचं नाही, एवढी अक्कल त्याला त्या क्षणी कुठून आली देव जाणे. त्याने कडीचा तुकडा पुन्हा दांडीत अडकवला, कुलूप दाबून बंद केलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"ठेवून द्या डब्यात," ती म्हणाली.

"मी?" किल्लीवाला म्हणाला. "मी हात लावायचा नाही ना तुझ्या कपाटाला?"

बायकोने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि कपाटाकडे वळली.