वलांडीवरचे आदाम

उत्तनच्या चर्चमागच्या खोलीत टेरेझाबाय तीस वर्षं पोरांना धर्मशिक्षण देत होती. देवानं सृष्टी कशी केली ते सांगावं तर तिनंच. पाचव्या दिवशी मासे आले की पोरं ओरडायची, "टीचर, पापलेट आधी का मांदेली?" आणि ती ठणकावून सांगायची, "आधी बोंबील. बाकीचे त्याला बघून पोहायला शिकले."

हे फादर लिओनार्डच्या कानावर गेलं. "बायबलात बोंबील कुठं आहे, टेरेझाबाय?" त्यांनी हाटकेशहून ॲन्ड्रिया नावाची मुलगी हुडकून आणली होती. तिच्याकडे प्रोजेक्टर होता, त्यात अख्खी सृष्टी सात मिनिटांत उरकत होती. "रविवारी मिस्सा झाली की तुमचा वर्ग बघतो. पटला तर ठीक, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ॲन्ड्रिया शिकवेल."

वर्ग गेला तर टेरेझाबायनं आदामाची गोष्ट कुणाला सांगायची, घरातल्या भिंतीला?

शनिवारी तिनं कंबर कसली. खाडीची चिकट माती आणली, त्यात फाटक्या जाळ्याचे धागे मळले. "देवानं मातीचा आदाम केला. तुम्हीपण करा."

चोवीस पोरांनी चोवीस आदाम केले. सात वर्षांच्या कॉलिननं तर आपल्या आदामाला कानापासून कानापर्यंत तोंड केलं.

"अरे, जबडा आहे का गुहा?"

"देवानं श्वास फुंकला ना, टीचर? नाक लई बारीक हाय."

झालं, बाकीच्यांनीही बोटं घालून आपापल्या आदामांची तोंडं फाडली. "उद्या फादरना दाखवू. तोवर वाळत घाला," असं सांगून टेरेझाबाय चमकीचा कागद आणायला केबिन रोडला गेली. उत्तनच्या कोळ्यांच्या पोरांना 'वाळत घाला' म्हणजे काय वाटतं, हे तिला कळलं ते रविवारी.

मिस्सा झाली. फादर आणि ॲन्ड्रिया खोलीत आले. टेबल रिकामं!

"वाळत घातलेत, टीचर. चला ना," कॉलिन ऐटीत म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन किनाऱ्यावर निघाला.

तिथं बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. बोंबलांच्या रांगेत, वाऱ्यावर झुलत, चोवीस नागडे आदाम लटकत होते. तेही बोंबलांसारखेच जोडीजोडीनं, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून!

टेरेझाबायच्या हातातला चमकीचा कागद वाळूत पडला. मिस्सेहून परतणाऱ्या बायांनी छातीवर क्रूस केला, मग दुसऱ्यांदा केला, मग पोरांचे डोळे झाकले आणि स्वतःचे उघडे ठेवले. जन्मभर बोंबील चोरून जगलेली एक मांजर त्या दिवसापासून वरणभातावर आली म्हणतात. ॲन्ड्रियाचा मोबाईल फोटो काढायला वर गेला तो तिथंच राहिला.

फादर तांबडे झाले, मग पांढरे. "टेरेझाबाय! हे... तोंडात तोंड... हे शिकवता तुम्ही?"

टेरेझाबाय वाकून चमकीचा कागद उचलू लागली. तीस वर्षं गेली पाण्यात, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"टीचरनी न्हाय शिकवलं," कॉलिनच पुढं झाला. "आमी पयला एकेकच टांगलेला, फादर. एकटा ऱ्हाईत न्हाय, पडतो. बोंबीलपण एकटा ऱ्हाईत न्हाय. दोन पायजेत, एकमेकाला धरायला."

फादरनी चमकून टेरेझाबायकडे पाहिलं. "यांना एवेचा धडा झालाय?"

"नाही हो, फादर. तो पुढच्या रविवारी. आदाम एकटा पडला म्हणून देवानं एवा केली, हे अजून सांगायचंय."

"आमाला ठाऊक हाय ते," कॉलिन म्हणाला.

फादरचं तोंड आदामासारखंच उघडं राहिलं. ते एका झुलत्या जोडीपाशी जाऊन तिचे गुंतलेले जबडे निरखू लागले. एक आदाम वाऱ्यानं गर्रकन फिरला आणि त्यांच्याकडे पाठ करून राहिला, तशी ॲन्ड्रियाला हसू आवरेना.

"आंटी, हे माझ्या प्रोजेक्टरला नाही जमणार," ती म्हणाली.

"एवा तुम्हीच शिकवा, टेरेझाबाय," फादर शेवटी म्हणाले. मग घाम पुसत खालच्या आवाजात पुटपुटले, "पण येताना यांना झाकायला पानं घेऊन या. बायबलातली अंजिराची नकोत, केळीची आणा."