जिवंत ब्रुअरीचं स्मारक

आमच्या काउंटीत एके काळी सात ब्रुअऱ्या होत्या, आणि त्या सातही बिअर सोडून भलत्याच कारणांनी मेल्या, असं वाक्य मी लिहायला घेतलं होतं. पण सातवी मेलेली नव्हती. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

मी होल्त्सबाखच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो आणि काउंटीच्या इतिहास मंडळाचा चिटणीस आहे. चिटणीस निवडायच्या बैठकीला मी गैरहजर होतो, म्हणून मला ते पद मिळालं. मंडळाच्या अध्यक्षा अर्विला गुम्त्सबाई. त्यांनी १९७७च्या नाताळानंतर ठरवलं की आठवणी असलेली माणसं आहेत तोवर ब्रुअऱ्यांचा इतिहास लिहून घ्यावा. लिहायचं अर्थातच मी.

सामग्रीला तोटा नव्हता. केटलर ब्रुअरीला आग लागली तेव्हा गावचं अग्निशमन दल वेळेवर पोहोचलं होतं. दलात सगळे ब्रुअरीचेच कामगार. त्यांनी आधी पिंपं बाहेर काढली, मग त्यांना काही इजा झाली आहे का ते एकेक उघडून पाहिलं, तोवर छप्पर खाली आलं. फॉस बंधूंची ब्रुअरी भावाभावांत अबोला झाल्यामुळे बुडाली. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स दुसऱ्याने घातले असतील असं दोघंही समजून चालत. बेकमानच्या कामगारांना कामाच्या वेळेत फुकट बिअर पिण्याचा हक्क होता आणि तो त्यांनी इतक्या निष्ठेने बजावला की विकायला काही उरेना.

टिकली ती एकटी ड्रोसेल. दारूबंदीतसुद्धा टिकली. त्या काळात ते माल्टचा पाक डब्यांतून विकत आणि डब्यावर ठळक इशारा छापत: यात यीस्ट घालून आठवडाभर कोमट जागी ठेवू नये, ठेवल्यास बिअर होईल. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तेही शेजाऱ्याकडून तो इशारा नीट वाचून घेत.

तर अर्विलाबाईंनी साप्ताहिकात निवेदन दिलं: 'ड्रोसेल आणि इतर ब्रुअऱ्यांच्या आठवणी मंडळाकडे पाठवाव्यात.'

आमच्या गावात आठवणी मेलेल्यांच्याच काढतात. गुरुवारी साप्ताहिक आलं आणि शुक्रवारी गुत्त्यात गाव माशांच्या जेवणाला बसेपर्यंत ड्रोसेल बंद पडणार हे सगळ्यांना ठाऊक झालं. कुठल्या महिन्यात, एवढ्याबद्दलच मतभेद होते.

ड्रोसेलची मालकीण लिओना. आम्ही एका वर्गात होतो. बापाच्या मागे तिने एकटीने ब्रुअरी चालवली, लग्न केलं नाही, विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "एक आजारी म्हातारं सांभाळते आहे, दुसरं कशाला?" शनिवारी सकाळी तिच्या दारात पहिला झाकलेला टोप आला. नूडल्स, मश्रूम, वरून चीज. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरी हेच नेतात. संध्याकाळपर्यंत असे नऊ टोप झाले.

ऑर्विल प्रोक्नोही आला. त्याचं फर्निचरचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला अंत्यविधीचं. त्याने लिओनाचा हात दोन्ही हातांत धरला.

"काहीही लागलं तर सांग. कुठल्याही वेळी."

"मला भिंतीएवढं कपाट लागेल," लिओना म्हणाली. "हे टोप ठेवायला."

"दुःखात माणूस असं बोलतो," ऑर्विल हलक्या आवाजात म्हणाला आणि टोपी हातात धरून निघून गेला.

म्हातारा लिअँडर कॉप हा तिथला मुख्य ब्रुअर. तो रस्त्यावर दिसला की लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले. शेवटी त्याने लिओनाला विचारलं, "मेलंय कोण? मी की ब्रुअरी? मी असलो तर उद्या येत नाही."

इथवर ठीक होतं. पण प्रेम नुसत्या टोपांवर भागत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं मिलवॉकीच्या मोठ्या कंपनीचे डबे प्यायले, त्यांनाही अचानक ड्रोसेलशिवाय घास उतरेना. लोक बिअर खोक्यांनी नेऊ लागले. आणि रिकाम्या बाटल्या कुणी परत आणेना. आठवण म्हणून तळघरात ठेवू लागले.

फेब्रुवारीत एका दुपारी लिओना माझ्या वर्गात आली. मुलं गेली होती. ती पहिल्या बाकावर बसली, आणि जुन्या सवयीने मला वाटलं की आता ही माझ्या गृहपाठावरून उतरवून काढणार.

"मर्ल, धंदा इतका चांगला माझ्या बापाच्या काळातही चालला नव्हता," ती म्हणाली. "आणि म्हणून मी बुडते आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे टाक्यांत बॉक बिअर भरून ठेवली आहे, काळीभोर, वसंतातली, लिअँडरची आजवरची सगळ्यात चांगली. भरायला बाटली नाही. नव्या घ्याव्यात तर काचेचा कारखाना म्हणतो, आगगाडीभर घ्या नाहीतर बोलू नका. माझं बाटल्या भरायचं यंत्र आजोबांच्या वेळचं, आमच्या आखूड मानेच्या बाटलीशिवाय दुसरी तोंडात धरत नाही."

"पिंपांतून विक."

"कुणाला? गुत्त्यांतले सगळे नळ मिलवॉकीवाल्यांनी घेतलेत. महिनाअखेरपर्यंत बॉक गेली नाही, तर ती गटारात आणि बिअर उकळायची तांब्याची कढई भंगारवाल्याकडे. मग तुझा इतिहास खरा होईल. अभिनंदन."

"साप्ताहिकात छाप ना, की ब्रुअरी बंद होत नाही म्हणून."

"छापलं. लोक म्हणाले, बंद होत नसती तर असं छापलं कशाला असतं?"

"डिपॉझिट वाढव. पैशासाठी आणतील."

"दुप्पट केलं. क्लॅरन्स रुश दुकानात सांगत सुटला की बघा, बाटलीचा भाव चढायला लागला. शिकागोत म्हणे वीस-वीस डॉलरला जाईल. आता तर लोकांनी तळघरांना कुलपं लावली आहेत." तिची नजर माझ्या टेबलावर गेली. "आणि ती?"

टेबलावर ड्रोसेलची एक बाटली होती. तिच्यात माझ्या पेन्सिली होत्या.

"पेन्सिली कुठेतरी ठेवाव्या लागतात," मी म्हणालो.

लिओनाने पेन्सिली काढून माझ्यापुढे नीट ओळीत मांडल्या आणि बाटली कोटाच्या खिशात घातली.

"एक झाली," ती म्हणाली. मग जाता जाता दारात थांबली. "मर्ल, आपल्या चर्चमध्ये पितळी पाटी नसलेली एक तरी वस्तू आहे का रे?"

मी विचार केला. बाकांवर दात्यांच्या पाट्या आहेत, खिडक्यांवर आहेत. कॉफीच्या मोठ्या भांड्यावर 'प्रोक्नो कुटुंबाकडून' असं आहे. ते भांडं आल्यावर पुढच्याच आठवड्यात क्लॅरन्सने बर्फ ओढायचं फावडं दिलं आणि त्याच्या दांड्यावर 'रुश कुटुंबाकडून' ठोकून घेतलं. पाटीमुळे ते हाताला टोचतं, म्हणून वापरत कुणी नाही.

"पाद्रीबुवा," मी म्हणालो.

"तुमच्या मंडळाला ड्रोसेलचं स्मारक करायला सांग. जुन्या स्टेशनात. मालाच्या फलाटाकडची भिंत. प्रत्येक कुटुंबाची वेगळी फळी, फळीवर त्यांनी दिलेल्या बाटल्या आणि खाली पितळी पाटी."

"आणि मग?"

"पुढचं तुला सांगितलं तर ते तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. तू शाळेतही कधी कॉपी पचवू शकला नाहीस."

अर्विलाबाईंना कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी ती त्यांना स्वतःलाच सुचली होती. गाडी बंद झाल्यापासून स्टेशनाची ती इमारत मंडळाकडेच होती आणि तिच्यात एक गळकं छप्पर सोडलं तर पाहण्यासारखं काही नव्हतं. निवेदन निघालं. एक फळी भरली की दुसरी मिळेल, असंही त्यात होतं. ते शेवटचं वाक्य लिओनाचं.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑर्विल प्रोक्नो एक खोकं घेऊन आला, बाटल्या स्वतः मांडल्या, पाटी पुसली आणि बराच वेळ लांबून पाहत उभा राहिला. तासाभरात क्लॅरन्स दोन खोकी घेऊन हजर.

"ऑर्विलची एकच फळी?" तो मला म्हणाला. "त्याचे वडील चांगले पिणारे होते हो. मुलगा असा निघाला."

हे ऑर्विलच्या कानावर जाईल याची व्यवस्था क्लॅरन्सने केलीच असणार, कारण दुपारी शववाहिका फलाटाला लागली. मी टोपी काढली. आतून खोकी निघाली.

त्यानंतर काय विचारता! तळघरांची कुलपं उघडली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी थेंब घेतला नव्हता असं सगळे समजत होते, त्या मेथडिस्ट मंडळींनी पाच फळ्या घेतल्या. क्लॅरन्स शेजारच्या काउंटीत जाऊन बाटल्या विकत आणतो आहे असं ऑर्विलने मला सांगितलं, आणि ऑर्विल काय करतो ते क्लॅरन्सने. महिनाअखेरीला उद्घाटनाचा दिवस आला तेव्हा भिंत जमिनीपासून छतापर्यंत तपकिरी झाली होती. छप्परही आता बाटल्यांवर गळत होतं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. हॅमची सँडविचं होती, बटाट्याची कोशिंबीर होती. पाद्रीबुवांनी दिवंगत ब्रुअरीसाठी प्रार्थना केली. अर्विलाबाई बोलल्या, त्यात 'वारसा' बराच वेळा आला. मग त्यांनी लिओनाला पुढे बोलावलं. तिने काळा पोशाख घातला होता. बायकांनी रुमाल काढले.

"तुमचं प्रेम माझ्यापर्यंत पोचलं," लिओना म्हणाली. "टोप अजून धुवायचे आहेत." तिने फीत कापली, मालाच्या दाराचा अडसर काढला आणि बाहेर तोंड करून हाक मारली, "लिअँडरकाका, घ्या मागे!"

फलाटाला ब्रुअरीचा ट्रक लागला. तो रिकाम्या खोक्यांनी भरलेला होता. लिअँडर उतरला, सरळ पहिल्या फळीपाशी गेला आणि चार चार बाटल्या बोटांत अडकवून खोक्यात उतरवू लागला. एकही वाजली नाही.

"लिओना!" अर्विलाबाई ओरडल्या. "ही मंडळाची मालमत्ता आहे!"

"असं? मग वाचा." लिओनाने प्रोक्नोंच्या फळीवरची एक बाटली उलटी करून त्यांच्या हातात दिली. "बुडावर. मोठ्याने वाचा, मागे ऐकू जात नाही."

अर्विलाबाईंनी चष्मा लावला. "ड्रोसेल ब्रुअरीची मालमत्ता," त्यांनी वाचलं. "विक्रीसाठी नाही. रिकामी झाल्यावर परत करा."

इतकी वर्षं आम्ही बाटलीच्या तोंडाकडेच पाहत आलो होतो, बुडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आठ-दहा जणांनी हळूच आपापल्या बाटल्या उलट्या करून पाहिल्या, न जाणो आपल्यावर वेगळं काही असेल.

"आणि आमचं डिपॉझिट?" क्लॅरन्सने विचारलं.

"तुम्ही बाटल्या मंडळाला दान दिल्यात. म्हणजे डिपॉझिट मंडळाचं." लिओना अर्विलाबाईंकडे वळली. "दुप्पट दराने. छपराचं काम होऊन वर उरेल."

अर्विलाबाईंनी वर पाहिलं. नेमका एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"इतिहास जतन करण्याचे," त्या सावकाश म्हणाल्या, "अनेक मार्ग असतात. मर्ल, नुसते उभे काय राहता? खोकं धरा."

मी धरलं. मग पाद्रीबुवांनी धरलं. ज्यांनी मांडायला आठवडे घेतले होते त्यांनीच भिंत तासाभरात रिकामी केली. शेवटचं खोकं एका बाटलीने अपुरं राहिलं, तेव्हा लिओनाने कोटाच्या खिशातून माझी बाटली काढून तिथे बसवली.

ट्रक गेला. मागे उरल्या उघड्या फळ्या आणि त्यांच्याखाली चकचकीत पाट्या. मोकळ्या फळीखाली 'प्रोक्नो कुटुंबाकडून' हे शब्द फारच मोठे दिसत होते.

"ऑर्विल, तुझ्या फळ्यांवर काही नाही रे," क्लॅरन्स म्हणाला.

"तुझ्या सहा फळ्यांवर काही नाही," ऑर्विल म्हणाला.

मग दोघंही एकदम दाराकडे वळले आणि दारात अडकले.

सोमवारपासून बॉक विक्रीला आली. ऑर्विलने चार खोकी नेली, क्लॅरन्सने पाच. बाटली रिकामी केल्याशिवाय फळीवर ठेवता येत नाही, असा नियम अर्विलाबाईंनी केला आहे, त्यामुळे दोन्ही घरांत पाहुण्यांना फार आग्रह होतो. शनिवारी फळ्या भरतात. लोक सहकुटुंब पाहायला येतात, दुसऱ्यांच्या फळ्या मोजतात. सोमवारी लिअँडर ट्रक लावतो. छप्पर नवं झालं. स्मारकातल्या वस्तू दर आठवड्याला नव्या असतात, असं अर्विलाबाई इतर मंडळांना अभिमानाने सांगतात.

टोप मात्र लिओनाने धुऊन परत केले तेव्हा लोक जरा नाराज झाले. ब्रुअरी जगणार म्हटल्यावर नूडल्स वाया गेल्या, असा काहीसा सूर होता.

राहिला माझा इतिहास. मे महिन्यात लिओना पुन्हा वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली.

"कुठवर आलास?"

"दारूबंदीपर्यंत. उन्हाळ्यात संपवतो."

"घाई काय आहे? मागे आठवणी मागवल्यास आणि मला जिवंतपणी पुरायला निघाले. पुस्तक छापून आलं तर दफनानंतरचं जेवण घालतील." तिने टेबलावर बिअरचं एक खोकं ठेवलं. "सखोल संशोधन कर. दर महिन्याला पाठवत जाईन."

मी सध्या दारूबंदीच्या आधीचा काळ पुन्हा तपासून पाहतो आहे. पेन्सिली खिशात ठेवतो. बाटल्या वेळच्या वेळी परत करतो.