टिचबटणांचे कोट

लष्कराने सरकार ताब्यात घेतलं आणि शहरातली निम्मी नाटकं बंद पडली, पण मामांचं चालू राहिलं. मामा म्हणजे नाटक कंपनीचे मालक, तेच संगीतकार, आणि कपडेपट सांभाळणाऱ्या ताईचे सख्खे मामा. आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, हातात सुई दिली. त्यांनी नवं नाटक निवडलं ते आजी-आजोबांच्या काळातलं, गाण्यांनी भरलेलं. वरवर पाहता गोडगोड प्रेमकथा. सेन्सॉरच्या साहेबांना वाटलं, असेना का, जुनं ते सोनं.

पण शेवटच्या अंकात सगळं गाव 'आमचं दार आम्हीच उघडू' म्हणून गातं, आणि ते गाणं थिएटरातून रस्त्यावर कधी गेलं ते कोणाला कळलंच नाही. गाण्यामागोमाग कपडेही गेले. ताईने जुने फोटो बघून शिवलेले ते लांब कोट, रुंद कॉलर, पितळी बटणं! कॉलेजातली पोरं आजोबांच्या ट्रंका उपसून तसलेच कोट घालून मोर्च्याला जाऊ लागली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला की समजावं, आपला माणूस आला. ताईची लेक आजीचा कोट घालून मिरवायची. ताई वरून रागवायची आणि आतून फुलायची. आपल्या सुईने एवढं केलं याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

आता त्या कोटांतली गोम. नाटकात कपडे झटपट बदलावे लागतात, काजात बटणं घालत बसायला वेळ कुणाला? म्हणून ताई पितळी बटणं नुसती दिखाव्याला वर टाचायची आणि खाली लावायची टिचबटणं. एक हिसका दिला की कोट मोकळा.

त्या दिवशी मोर्चा चौकात आला. ताई फुटपाथवर उभी होती, लेक पुढच्या रांगेत गात होती. ऊन मी म्हणत होतं. लेकीच्या शेजारच्या दांडग्या माणसाने कोटाला एक हिसका दिला आणि टच टच टच, कोट वरपासून खालपर्यंत उघडला. ताईच्या काळजात चर्र झालं. आजोबांच्या ट्रंकेतला कोट असा उघडत नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या हातचे कोट गर्दीत जागोजागी पेरलेले होते आणि त्यांच्या आतला एकही चेहरा ओळखीचा नव्हता. ती हाक मारणार तोच शिट्टी वाजली. ज्यांच्या गळ्यात हात टाकून पोरं गात होती त्यांनीच त्यांचे हात पिरगाळले आणि त्यांना गाडीत कोंबलं. लेकीलाही.

ताई धावत थिएटरात आली. कपडेपटाचं कुलूप शाबूत, आत खुंट्या रिकाम्या. दुसरी किल्ली फक्त मामांकडे असायची.

मामा पियानोशी बसले होते. शेवटचं गाणं काढून त्या जागी दुसरं बसवत होते.

"मामा, कोट कोणी नेले?"

"त्यांनी मागितले, मी दिले. नाही म्हटलं असतं तर इथे टाळं लागलं असतं. इतक्या माणसांचं पोट आहे यावर. तुझंसुद्धा."

"माझी पोर नेली त्यांनी."

मामांची बोटं थबकली. "काल तुला म्हटलं होतं ना, उद्या तिला घरीच ठेव, ऊन फार आहे म्हणून?"

म्हटलं होतं खरं. नातीची काळजी करून म्हातारा अर्धा झालाय, म्हणून ताई हसली होती. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर शेतालाच विचारत होतं, तू बाजूला का नाही झालंस? ज्याचं बोट धरून ती या इमारतीत पहिल्यांदा आली, त्यानेच केसाने गळा कापला होता.

दार उघडलं. दोन माणसांनी कोटांचा ढीग टेबलावर टाकला आणि निघून गेली. कोटांना अजून अंगाची ऊब होती. एकाची कॉलर फाटली होती, एकाच्या बाहीवर रक्त होतं.

"संध्याकाळी प्रयोगाला मोठे साहेब येतायत," मामा खाली बघत म्हणाले. "कोट नीट हवेत. सगळं सुरळीत पार पडलं तर तुझ्या पोरीसाठी शब्द टाकतो."

ताईला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मग तिने खुर्ची ओढली, फाटकी कॉलर मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवला. गाडीतल्या बाकीच्या पोरांसाठी कोण शब्द टाकणार, हे तिने विचारलं नाही.