नणंदेने जोडलेली दुसरी डिस्क

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज ती आपल्या स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये आधीच रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे पेशंटने टाईप केलं की टॅबलेट त्याच्याच आवाजात बोलायचा. ही सगळी रेकॉर्डिंग क्लिनिकच्या सर्व्हरवर असत. तो लावून दिला होता तिच्या नणंदेने. नणंद लिनक्स या संगणकप्रणालीत मुरलेली. तिने हट्टाने दोन डिस्क घालून रेड केलं होतं, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच वेळी दुसरीवरही.

त्या सकाळी सर्व्हरचा मेल आला, एक डिस्क गेली म्हणून. नेमका दुपारी ऑपरेशन झालेला एक बेकरीवाला आपला आवाज न्यायला यायचा होता. तिने नणंदेला फोन लावला.

"वहिनी, आधी रेकॉर्डिंग उघडतंय का बघ."

उघडलं. बेकरीवाल्याचा खर्जातला आवाज खोलीभर घुमला.

"मग झालं तर. दुसरी डिस्क एकटीने किल्ला लढवतेय. कपाटात मी एक कोरी ठेवलीय, ती काढ."

नणंदेने घरबसल्या सर्व्हरमध्ये शिरून बिघडलेली डिस्क रेडमधून वगळली. हिने वरच्या कप्प्याला हात घातला.

"थांब. अंदाजाने ओढू नकोस. कप्प्यावरचा नंबर वाच."

तिने वाचला.

"ती धडधाकट आहे गं. खालची काढ."

तिने झटकन हात मागे घेतला. खालची काढून नवी बसवली, तशी नणंदेने ती तिकडून जोडून घेतली. धडधाकट डिस्कवरचं सगळं नवीवर उतरू लागलं.

"तुझे उपकार कसे फेडू?"

"दादाचं घोरणं रेकॉर्ड करून ठेव, भांडणात कामी येईल. आणि ऐक, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलंस तर दोन्हीकडून जाईल. वेगळी प्रत आजच करू."

बेकरीवाला बायकोसोबत आला तेव्हा नवी डिस्क अजून भरतच होती. बायको पर्समध्ये काहीतरी चाचपडत होती. त्याने एका बोटाने टाईप केलं आणि टॅबलेट बोलला, "चष्मा डोक्यावर आहे तुझ्या."

बाईंचा हात डोक्याकडे गेला. त्या हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं.

बेकरीवाल्याने पुन्हा बोट चालवलं. "आभारी आहे, मॅडम."

"हे माझ्या नणंदेला सांगा," म्हणत तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. त्याने तेच पुन्हा ऐकवलं. एरवी कुणाला बोलू न देणारी नणंद त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "काका, आवाज भारदस्त आहे हं तुमचा."

तो गालातल्या गालात हसला आणि उत्तर टाईप करायला बसला.